शेवटचं पाणी कोणाच्या हातचं

मालन आत्ती मयताच्या घरी गेली, की रडण्याआधी विचारायची. पायांतल्या वहाणा उंबऱ्याबाहेर काढायची, घरातल्या बाईशेजारी टेकायची, तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घ्यायची आणि हलक्या आवाजात एकेक गोष्ट विचारून घ्यायची. कसं झालं? सकाळी पोटात काय होतं? शेवटी नाव कुणाचं घेतलं? उशाशी कोण होतं? पाणी कुणी पाजलं? सगळं ऐकून झालं, की डोक्यावरचा पदर पुढं ओढायची आणि मग हेल काढायची. त्या हेलात एक अक्षर खोटं नसायचं.

उंबरमळे हे येरळेच्या काठचं गाव. वडूजहून एसटीनं पाऊण तास. पाऊस बेताचा, माती हलकी, ज्वारी पोटापुरती. पण गेलेल्या माणसासाठी रडायला या गावात कधी तूट पडली नाही. परगावच्या बायका वेशीपाशी उतरल्या, की तिथूनच त्यांचा हेल सुरू व्हायचा. घरच्या बाया उठून सामोऱ्या जायच्या, गळ्यात गळा पडायचा, गेलेल्याचे गुण निघायचे. त्या घरात चूल पेटत नसे. भाऊबंद भाकरी घेऊन यायचे, तिला कडू घास म्हणायचे, आणि ज्याच्या घशाखाली तो उतरत नसे, त्याच्या पाठीवरून हात फिरवत उतरवायचे. दहा दिवस त्या घरच्या बाईला कुणी एकटं सोडत नसे. ज्या देवानं दुःख दिलं, त्यानंच त्या दुःखाला शेजार दिला; आणि शेजार जिथं जागा असतो, तिथं देवाला वेगळी हाक मारावी लागत नाही.

मालन गेलेल्याला कधी देव करत नसे. गावातला एक चिक्कू म्हातारा गेला, तेव्हा तिनं त्याच्या दारात हेल काढला होता: “चहाच्या पातेल्यावर राखण बसायचास रं तात्या, साखर चिमटीनं टाकायचास. पर माजी म्हस अडली, तवा भर पावसात कंदील घिऊन तूच आलास रं तात्या.” साखरेच्या नावानं बायका पदराआड हसल्या आणि म्हशीच्या नावानं ढसाढसा रडल्या. जसा होता तसा तो माणूस आपल्याच दारातून एकदा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून चालत गेला, आणि मगच गेला.

ही विद्या तिला सासूनं दिली. सासूचं नाव धुरपदाबाई. मालन एकोणीस वर्षांची असताना तिची पहिली मुलगी सहा महिन्यांची होऊन गेली. एवढ्याशा जिवासाठी कोण वेशीपासून रडत येणार? पुरुषांनी तिला ओढ्याकाठी माती दिली आणि ते कामाला लागले. मालन भिंतीला टेकून बसली ती तीन दिवस. डोळे कोरडे, ओठ मिटलेले. चौथ्या दिवशी धुरपदाबाई तिच्यासमोर मांडी घालून बसली. पदर पुढं ओढला, आणि त्या सहा महिन्यांच्या पोरीचे गुण काढू लागली. एकच दात आला होता बाई तुला, खालचा. कोंबडी दिसली की हसायचीस बाई. उजव्या कुशीवर झोप यायची तुला, डाव्या कुशीवर न्हाई. ऐकता ऐकता मालनचा घसा फुटला, आणि तिनं जो टाहो फोडला तो ऐकून रस्त्यानं जाणारी गुरं थबकली, असं शेजारची मेहरुनबी अजून सांगते.

त्या दिवशी धुरपदाबाई म्हणाली होती, “रडं अडलं की माणूस नासतं. पर रडं सुटतं ते खऱ्यानंच. लबाड बोललीस, तर त्येच्यावर दगड बसतो.”

त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं मालननं गावाची ही सेवा केली. कुणाकडून चोळीचा खणसुद्धा घेतला नाही. सकाळी तुळशीला पाणी घालताना ती देवाचं नाव घ्यायची, तशीच गेलेल्याचं नाव घ्यायची. तिच्या लेखी दोन्ही नावं एकाच तोंडानं घ्यायची होती, म्हणून ते तोंड तिनं स्वच्छ ठेवलं होतं.

आणि मग लालासाहेब गेला.

लालासाहेब तिच्या भावकीतला, चौतीस वर्षांचा. या भागातली माणसं जशी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर जातात, तसा तोही पंधराव्या वर्षी सेलमला गेला. तेजाबाच्या वाफेत, भट्टीच्या तोंडाशी अठरा वर्षं काढली. दुसऱ्यांचं सोनं शुद्ध झालं आणि ह्याची छाती जळाली. गेल्या दिवाळीत तो बायकोला, राणीला घेऊन गावी परत आला, तेव्हा दहा पावलं चालला की बसत होता. थोरल्या भावाचं, हंबीररावाचं दुमजली घर त्याच्या दोन खोल्यांपासून चाळीस पावलांवर. पण बांधावरून दोघांचं बोलणं तुटलेलं. हंबीरराव पंचायत समितीला उभं राहायच्या तयारीत. त्याच्या अंगणात दिवसभर गाड्या लागायच्या, आणि चाळीस पावलांवर एक माणूस श्वासासाठी खाटेची कड धरून बसलेला असायचा. सात महिन्यांत हंबीररावाला ती चाळीस पावलं उरकली नाहीत.

लालासाहेब गेला त्या मंगळवारी मालन म्हसवडला लेकीकडं होती. सिद्धनाथाचं दर्शन घेऊन परतायचं ठरलं होतं. निरोप उशिरा लागला. ती गावी पोचली ती तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जनाच्या सकाळी.

एसटी नदीच्या पुलावर थांबली. मालन खाली उतरली आणि तिथंच उभी राहिली. खाली स्मशानाच्या कट्ट्याशी पाचशे माणूस, आणि माणसांच्या डोक्यावर चार पंखांचं एक यंत्र घोंघावत होतं, गोमाशीसारखं. चित्रीकरण चाललं होतं. भाऊबंद वाकून अस्थी वेचत होते, आणि यंत्र आणखी खाली यावं म्हणून कुणीतरी हातानं खुणा करत होता. ते खाली आलं. त्याच्या वाऱ्यानं राख उडाली. लालासाहेबाची राख पांढऱ्या सदऱ्यांवर बसली, आणि लोकांनी ती बोटांच्या टिचकीनं झटकली, रस्त्यावरची धूळ झटकावी तशी.  पुलाच्या कठड्याला धरून मालन थुंकली.

वेशीत शिरली तर फ्लेक्स. वर लालासाहेबाचा लग्नातला फोटो, फेट्यासकट. खाली शोकाकुल चौदा चेहरे, काहींच्या डोळ्यांवर काळे चष्मे, आणि मधोमध हात जोडलेला हंबीरराव, गेलेल्या भावापेक्षा दुप्पट मोठा. हंबीररावाच्या दारात मांडव. मांडवात पडदा, पडद्यावर नदीकाठचीच चित्रं. पाण्याच्या बाटल्या वाटत होते. बाटल्यांवरही हंबीररावाचा फोटो चिकटवलेला. अर्धी पिऊन टाकलेल्या बाटल्या पायांखाली करकरत होत्या. कुणीतरी चिवड्याची पुडी फोडली होती. शोकाला असा वास येतो, हे मालनला सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

राणीला फोटोशेजारी खुर्चीवर बसवलं होतं. दोन्ही बाजूंना दोन परक्या बायका. मालन तिच्याकडं निघाली होती. तिचा हात मांडीवर घ्यायला, विचारायला. तेवढ्यात एक तरुण आडवा आला. पांढरा झब्बा, गळ्यात उपरणं, तोंडात खडीसाखर. कऱ्हाडहून बोलावलेला निवेदक, शंभूराज.

“आत्ती, तुमचीच वाट बघत होतो. पक्षाचे साहेब आलेत, ते पावणेअकराला निघणार आहेत. त्याआधी तुमची पाच मिनिटं घेतो.”

“मला आदी पोरीजवळ बसू दे.”

“बसा की नंतर, दिवसभर बसा. आत्ती, ही कला लोप पावत चालली. लोकांना कळलं पाहिजे.”

“कला कसली रं बाबा? रडायचं हाय.”

“तेच ते. फक्त एक करा. पाण्याचा विषय घ्या. शेवटचं पाणी भावाच्या हातचं, भावाच्या मांडीवर. काळजाला हात घालतंय ते.”

“हंबीरनं पाजलं?”

“मग? सख्खा भाऊ आहे,” शंभूराज म्हणाला आणि माइक तिच्या हातात दिला.

सात महिने न उघडलेलं दार मालनला ठाऊक होतं. राणी बारा पावलांवर बसलेली होती. विचारायला किती वेळ लागणार होता? पण तिनं तोंड उघडलं, आणि तिचा आवाज आठ कर्ण्यांतून गावावर पसरला. पडद्यावर तिचा चेहरा आला, भिंतीएवढा. पाचशे माणूस गप्प झालं. आणि तिला, देवाच्या नावानं रोज तोंड धुणाऱ्या मालनला, तो आवाज आवडला. हेच पुढं तिला सर्वांत जास्त किळसवाणं वाटलं.

“लाला रं माज्या लेकरा,” ती म्हणाली, “थोरल्या भावाच्या मांडीवर डोकं ठिवून गेलास रं. भावाच्या हातचं पाणी पिऊन गेलास रं लाला.”

बायका हुंदके देऊ लागल्या. हंबीररावानं रुमाल डोळ्यांना लावला. फोटोशेजारी बसलेल्या राणीनं मान वर केली आणि मालनकडं एकदा पाहिलं. मालनला वाटलं, पोरीचं रडं सुटलं. पण राणीनं मान पुन्हा खाली घातली, आणि ती त्यानंतर वर झालीच नाही.

दोन दिवसांनी मेहरुनबी भिंतीपलीकडून आली. मालनच्या वयाची, मालनच्या शेजारची. दोघी पन्नास वर्षं एकाच दगडावर लसूण वाटत आलेल्या.

“मालन, तुजा आवाज आमच्या शाहनवाजच्या मोबाईलात आलाय गं.”

“कसला आवाज?”

“रडायचा. खाली बासरी लावलीया. आन् मदी मदी पावसाचा आवाज. लाला मेला तवा कुटं हुता पाऊस?”

मेहरुनबीनं नातवाला हाक मारून तो मोबाइल आणवला. मालननं ऐकलं. तिच्याच तोंडचा हेल. पण मध्ये कापलेला, बासरीवर बसवलेला, तीनदा तीच ओळ: भावाच्या हातचं पाणी, भावाच्या हातचं पाणी, भावाच्या हातचं पाणी. खाली हंबीररावाचं नाव, आणि हृदयाची लाल चित्रं टपटपत वर चाललेली.

“बंद कर,” मालन म्हणाली.

“आमच्यात हेल काढत न्हाईत,” मेहरुनबी म्हणाली. “गप बसत्यात, डोळं गाळत्यात, जियारतीला, तिसऱ्या दिशी, चार शब्द पढत्यात, दुवा मागत्यात. मला लय वाटायचं, तुमच्यात बरं हाय, मोकळं हुता. आता वाटतंय, आमचंच बरं.”

 त्या दिवशी मालननं भाकरी पुढ्यात घेतली आणि परत झाकून ठेवली. घास तोंडात फिरत होता, पण आपल्याच आवाजाची चव त्याला लागलेली होती.

राणीच्या घरी मात्र वेगळंच चाललं होतं. पाच दिवस झाले, तिनं अन्नाला हात लावला नव्हता. पाणी मात्र प्यायची, तेही कुणी ओठांशी धरलं तर. डोळ्यांत टिपूस नव्हता. विट्याकडून तिचे वडील नाथाजी आले होते; ते पोरीला सांगलीला मोठ्या डॉक्टरकडं न्यायचं म्हणत होते आणि उंबऱ्यावर बसून टोपी गुडघ्यावर फिरवत होते. आणि गावातल्या बायका, ज्यांच्या डोळ्यांचं पाणी मालननं इतकी वर्षं वाहतं ठेवलं, त्याच बायका पाणवठ्यावर कुजबुजत होत्या: सुटले म्हणत असंल. आजाऱ्याच्या खाटंला कोण कंटाळत न्हाई? असल्या तोंडांपेक्षा गटार बरं, गटाराला निदान वास लपवता येत नाही.

सहाव्या दिवशी मालन राणीपुढं जाऊन बसली. हातात ताटली, ताटलीत कालवलेली भाकरी.

“राणी, बाळ, एक घास खा. रड, बाई. रडलीस की उतरंल.”

राणी भिंतीकडं बघत होती.  मग ती म्हणाली, “तुमी रडला की माज्या वाटचं. माइकवर.”

मालनचा हात ताटलीवर तसाच राहिला.

“आत्ती, भावजींनी पाणी पाजलं म्हणाला तुमी. कवा पाजलं?”

“मी न्हवते गं इथं. मला त्या पोरानं—”

“ह्यास्नी मी पाजलं. चमच्यानं. घरात दुसरं कोणच न्हवतं. सात म्हैने मी ह्यांची पाठ चोळली, थुंकीची वाटी धुतली, उशीला उशी लावून बसवलं. भावजींनी दारात येऊन ‘कसा हाईस रं’ बी इचारलं न्हाई. ते गेले तवा माज्याजवळ एवढंच उरलं हुतं, की पाणी मी पाजलं. त्ये बी तुमी समद्या गावापुढं त्यांना दिऊन टाकलंत.”

हे सांगताना तिचा आवाज वर गेला नाही, खाली आला नाही. ताटली बाजूला सारून ती कुशीवर वळली. मालन तिथून उठली. परसात जाऊन तिनं लिंबाच्या बुंध्याशी ओकारी काढली. पोटात काही नव्हतं, नुसतं कडू पाणी पडलं. अठ्ठेचाळीस वर्षं ज्या जिभेला तिनं देवाचा गाभारा मानलं, त्या जिभेनं एका बाईचं शेवटचं धन उचलून चोराच्या हातात ठेवलं होतं. विचारायला बारा पावलं जायचं होतं. हंबीररावाच्या चाळीस पावलांना ती नावं ठेवत आली, आणि स्वतःला बारा उरकली नव्हती.

ती तशीच हंबीररावाच्या घरी गेली. तो झोपाळ्यावर बसून दहाव्याच्या निमंत्रणाचा मजकूर वाचत होता.

“या आत्ती. दहाव्याला तुमचा सत्कार ठरवलाय आमी. शाल, श्रीफळ आन् ते काचेचं, तुमचा फोटू घातलेलं.”

“दहाव्याला सत्कार?”

“का? लोकं मागणी करायला लागल्यात. दीड लाख जणांनी बघितलं तुमचं रडणं.”

“हंबीर, लेकरा, माज्या तोंडनं लबाड गेलंय. पाणी तू पाजलं न्हाईस. त्ये चार माणसांत सांगायचं, एवढंच मागायला आले.”

हंबीररावानं कागद मांडीवर ठेवला. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

“आत्ती, शब्दच हाय. कोण धरून बसतंय?”

“राणी बसलीया.”

 झोपाळ्याची कडी कुरकुरली. “मला वाटत न्हाई व्हय, की म्या पाजाय पायजे हुतं? त्या दिवशी दुपारी खोकला ऐकू आला मला. हितंच बसलो हुतो. उठतो म्हणलं. तेवड्यात फोन आला.” मग आताही फोन वाजला, आणि हंबीररावानं तो घेतला. बोलताना त्याचा आवाज भरदार झाला, हसरा झाला, पुढारी झाला. मालन त्याच्याकडं बघत उभी होती. किळस आली, पण त्या किळशीत कीवही कालवलेली होती, आणि ती कीव तिला किळशीहून जड झाली. खोट्या पाण्याचा हा घोट त्यालाच प्यायचा होता. म्हणून तर त्यानं तो तिच्या तोंडून भरून घेतला होता.

घरी येऊन ती तुळशीपाशी बसली. देवापुढं रडून भागणार नव्हतं. देवाशी ती खोटं बोललेली नव्हती. तिला सासूची आठवण आली. धुरपदाबाई एकदा एका मयताला चुकून दुसऱ्याच्या लेकीचं नाव घेऊन रडली होती. तेव्हा तिनं काय केलं, हे मालननं स्वतः पाहिलं होतं. म्हातारी उठली, गावाबाहेर गेली, वेशीशी तोंड वळवलं, आणि आत्ताच परगावाहून आल्यासारखी पहिल्यापासून रडत परत आली. चुकलेला हेल दारात बसून दुरुस्त होत नाही, ती म्हणाली होती. पाहुणीसारखं बाहेरून यावं लागतं.

दहाव्याच्या सकाळी नदीवर पिंड ठेवले. कावळा यायला वेळ लागत होता, आणि साहेबांना पुढं दोन ठिकाणी जायचं होतं. म्हणून दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं मांडवाकडं वळली. राणी नदीवरून आली ती सरळ आपल्या खोलीत गेली. मांडवात येणार नाही, एवढं तिनं मानेनं सांगितलं. अकरा वाजता शंभूराजचा आवाज सुरू झाला. मालन आत्तींचं नाव त्यानं दोनदा पुकारलं.

मालन तेव्हा वेशीबाहेर, एसटीच्या थांब्यावर होती. अनवाणी. तिनं गावाकडं तोंड केलं, पदर पुढं ओढला, आणि हेल काढला. कर्णा नाही, पडदा नाही. म्हातारा घसा, जेवढा पोचेल तेवढा.

“लाला रं माज्या लेकरा, तिसऱ्या दिशी मी तुज्या नावानं लबाड रडले रं. न इचारता रडले रं लाला.”

ती चालू लागली. एका दारातून एक बाई बाहेर आली, मग दुसरी. मांडवासमोरून जाताना तिचा आवाज भाषणाच्या आवाजाला आडवा गेला. साहेब बोलता बोलता थांबले.

“भावाचं दार चाळीस पावलांवर हुतं रं, त्ये उघडलं न्हाई. त्यानं खोकला ऐकला रं, त्यो उठला न्हाई. आन् मी बारा पावलं गेले न्हाई. भावानं बी न्हाई, मी बी न्हाई, तुला तुज्या राणीनं पाजलं रं लाला.”

“शोक अनावर झालेल्या आपल्या मालन आत्ती,” शंभूराज माइकवर म्हणाला, “या मातीची लेक—”

खुर्च्या सरकल्या. वीस-पंचवीस मोबाइल वर झाले. हंबीरराव उभा राहिला होता. त्याच्या तोंडावर राग होता की आणखी काही, हे मालननं पाहिलं नाही; ती थांबली नव्हती. मोबाइल घेतलेली पोरं तिच्या मागं मागं राणीच्या दारापर्यंत आली, माशा याव्या तशी. तिथं मेहरुनबी उभी होती. तिनं दोन्ही हात चौकटीला लावले आणि पाठ त्यांच्याकडं केली.

“फिरवा ती डबडी तिकडं,” ती मान न वळवता म्हणाली. “घरी जाऊन आपापल्या आयशीचं फोटू काढा.”

तिच्या शेजारी आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या, मग चौघी. पाणवठ्यावर कुजबुजलेल्याही त्यांत होत्या. दार पाठींनी भरून गेलं.

आत राणी उभी होती. मालन तिच्यासमोर आली, आणि राणीनं तिला मारलं. उघड्या हातानं, मग मुठींनी. खांद्यावर, दंडांवर, छातीवर. “का बोललीस? त्या दिशी का बोललीस गं?” मालननं हात आडवा घातला नाही. जे मिळत होतं ते तिच्या हक्काचं होतं. पाचवी-सहावी मूठ बसली आणि तिथंच राहिली, मालनच्या चोळीचा काठ धरून, आणि राणीच्या तोंडून एक आवाज निघाला. जनावराचा असतो तसा, बिनशब्दांचा. उंबऱ्यावर नाथाजींनी टोपी तोंडावर धरली.

दोघी खाली बसल्या. मालननं तिचा हात मांडीवर घेतला.

“सांग,” ती म्हणाली.

“दोन चमचे आत गेले,” राणी म्हणाली. श्वास लागत होता, शब्द तुटत होते. “तिसरा गालावरनं वघळला. म्या पदरानं पुसला. मग त्ये म्हणाले, आजून. भांडं रिकामं झालं हुतं. मी घागरीकडं उठले. चार पावलं, आत्ती. परत आले तर... त्ये आजून म्हणाले आन् मी उठले. उठले नसते तर हात तरी हातात असता.”

हे सात दिवस, आठ दिवस, दहा दिवस त्या खोलीत बसून होतं, आणि कुणी विचारलं नव्हतं.

मालननं तिला उगी उगी म्हटलं नाही. तुझा काय दोष, असं म्हटलं नाही. तिनं पदर पुढं ओढला, आणि राणीनं जसं सांगितलं तसं, एक अक्षर न वाढवता, एक न गाळता, हेलात घेतलं. दारातल्या बायकांनी तो हेल उचलला. पाठी बाहेर, तोंडं आत.

“दोन चमचे प्यालास रं लाला, तिसरा पदरानं टिपला रं. आजून म्हणालास, म्हणून उठली तुजी राणी. तुज्यासाठीच उठली रं लाला, तुलाच पाणी आणाय गेली रं.”